वाचकांचे प्रश्न : अडोबो, सिनिगांग आणि आपल्या चुलीवरचा फिलिपिनो स्वयंपाक

फिलिपिनो पदार्थ घरी करून पाहणाऱ्यांची बरीच पत्रं साठली आहेत. कोणी जहाजावर ते जेवण जेवलं आहे, कोणी आखातात फिलिपिनो सहकाऱ्यांच्या डब्यातून चाखलं आहे, तर कोणी शिक्षणासाठी तिकडेच राहतं आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. मापांमध्ये 1 कप म्हणजे 240 मिली आणि चमचा म्हटलं की सपाट चमचा धरावा.

प्रश्न (रत्नागिरी) : जहाजावर आमचा फिलिपिनो कुक चिकन अडोबो करायचा. साहित्य तेच घेऊन घरी केला, तर रस्सा काळाकुट्ट झाला, चव नुसती खारट-आंबट आली आणि व्हिनेगरचा वास नाकात गेला. काय चुकतं?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

काळा रंग आणि जास्तीचा खारटपणा सोया सॉसमुळे येतो. आपल्याकडे चायनीजसाठी जो ‘डार्क’ सॉस मिळतो, त्यात रंगासाठी कॅरॅमल असतं. अडोबोला पातळ, ‘लाइट’ सोया सॉस लागतो. मीठ सुरुवातीला अजिबात घालू नका. रस्सा आटल्यावर चव पाहून लागलंच तर घाला. बहुतेक वेळा लागत नाही.

वास येतो तो व्हिनेगरच्या जातीमुळे आणि झाकणामुळे. बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं पांढरं व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसेटिक ॲसिड. त्याला धार असते, चव नसते. फिलिपिन्समध्ये नारळाच्या ताडीचं, निपा पामचं किंवा उसाचं व्हिनेगर वापरतात. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळतं, ते या कामाला उत्तम. ते नसेल तर उसाचं घ्या. व्हिनेगर घातल्यावर पहिली उकळी झाकण न ठेवता आणि न ढवळता येऊ द्यायची, म्हणजे उग्र वास वाफेबरोबर निघून जातो. तिकडच्या स्वयंपाकघरात हा नियम ठाम पाळतात. ढवळल्याने नेमकं काय बिघडतं यावर दुमत असेल, पण झाकण न ठेवण्याला पर्याय नाही.

प्रमाण असं : हाडासकट आणि कातडीसकट 1 किलो चिकन, शक्यतो तंगड्या. कातडी काढून टाकायची आपली सवय इथे नडते, कारण रश्श्याची चकाकी त्या चरबीतूनच येते. 120 मिली व्हिनेगर, 80 मिली सोया सॉस, 1 कप पाणी, लसणाचा एक अख्खा गड्डा ठेचून, 1 चमचा अख्खे मिरे. तमालपत्राबाबत सांभाळा. तिकडे लॉरेलची पानं घालतात, आपल्या तमालपत्राला दालचिनी-लवंगेचा वास असतो. तीन पानं घातलीत तर पुलावाचा भास होईल. लॉरेल मिळालं तर तीन पानं, नाहीतर आपलं एक लहान पान पुरे.

सगळं एकत्र करून अर्धा तास ठेवा. स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात घालून उघडंच उकळा. पाचेक मिनिटांनी आच मंद करा, अर्धवट झाकण ठेवून 30 ते 35 मिनिटं शिजवा. मग तुकडे बाहेर काढून दोन मोठे चमचे तेलात सोनेरी परता. तोवर उरलेला रस निम्मा आटवा आणि तुकडे परत त्यात सोडा. ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी कढई नको. व्हिनेगर धातूशी लागतं आणि चव कळकते. पोर्क असेल तर चरबीच्या भागाचे चार सेंटिमीटरचे तुकडे घ्या आणि शिजायला तास-सव्वा तास द्या.

हळद घालावीशी वाटली तर त्याचाही रीतसर प्रकार आहे. बातांगासकडचा ‘अडोबो सा दिलाव’ पिवळा असतो. त्यात सोया सॉस नसतो, मीठ आणि बोटभर ओली हळद असते. सोया सॉस आणि हळद एकत्र मात्र घालू नका, रंग चिखलासारखा होतो. आलं-लसूण पेस्ट, गरम मसाला, कोथिंबीर यांना दोन्ही प्रकारांत जागा नाही.

प्रश्न (मालवण) : कोळंबीचं सिनिगांग केलं. घरच्यांनी ‘चिंचेचं सार’ म्हणून खाल्लं. मूळ पदार्थ असाच असतो का?

उत्तर : नाही. तुम्ही पिकलेली चिंच वापरली असणार, आणि बहुधा फोडणीही दिली असणार. सिनिगांग हा नितळ, झणझणीत आंबट रस्सा. त्यात तेल नाही, फोडणी नाही, गूळ नाही. आंबटपणासाठी कच्ची, हिरवी चिंच लागते. आपल्याकडे ती पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे मिळते. तेव्हा उकडून गर काढावा आणि बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावा.

चार जणांसाठी 200 ते 250 ग्रॅम हिरवी चिंच दोन कप पाण्यात साल फुटेपर्यंत 10 ते 15 मिनिटं उकळा, पळीने चेचा, गाळून घ्या. रश्श्यासाठी तांदळाचं दुसरं धुवण दीड लिटर घ्यावं. पहिल्या पाण्यात कोंडा आणि धूळ असते. दुसऱ्या पाण्यातल्या थोड्या पिठाने रस्सा किंचित अंगाला येतो. त्यात एक कांदा, दोन टोमॅटो आणि सोललेल्या तीन-चार अळकुड्या टाकून उकळत ठेवा. अळकुड्या अर्ध्या शिजल्या की मुळ्याच्या चकत्या घाला. दोन्ही मऊ झाल्यावरच चिंचेचं पाणी ओता. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आंबट पाण्यात कंद आणि मुळा लवकर शिजत नाहीत. आधी चिंच घातली तर अळकुडी अर्धा तास शिजवूनही टणक राहते आणि तोवर बाकीच्या भाज्यांचा लगदा होतो.

मग चवळीच्या लांब शेंगांचे बोटभर तुकडे, वांग्याच्या फोडी, अख्खी भेंडी आणि दोन लांब हिरव्या मिरच्या घाला. मिरच्यांना चीर देऊ नका. त्या वासासाठी असतात. तिखट हवं असेल त्याने ताटात कुस्करून घ्यावी. डोक्यासकट अर्धा किलो मोठी कोळंबी शेवटच्या तीन मिनिटांत घाला आणि गॅस बंद करून मूठभर नाळीची भाजी वरून दाबा. फिलिपिन्समधली कांगकोंग हीच. ती पाणथळीत वाढते, म्हणून तीन-चार पाण्यांनी धुवा. नसेल तर पालक चालेल. खारटपणा पातिस, म्हणजे माशाच्या सॉसने आणायचा. दोन मोठे चमचे घालून चव घ्या.

पिकलेल्या चिंचेवर भागवायचंच असेल तर नवी, फिक्या रंगाची 60 ग्रॅम चिंच घ्या, जुनी काळी नको. शेवटी एका लिंबाचा रस पिळून गोडसरपणा मोडा. मालवणात मात्र याहून चांगला पर्याय कदाचित परसातच असेल. बिंबलं, म्हणजे बिलिंबी, तिकडे ‘कामियास’ नावाने सिनिगांगमध्ये सर्रास घालतात. दहा-बारा बिंबलं पुरतात. पेरू घालून केलेलं सिनिगांगही असतं. व्हिसाया बेटांवर बातुआन नावाचं आंबट फळ वापरतात, ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं. म्हणून कोणी कोकम घालू म्हणेल. पण त्याने रस्सा तांबडा होतो आणि कोकमाची स्वतःची चव पुढे येते. मग सिनिगांगऐवजी सोलकढीची आठवण येत राहील.

प्रश्न (पुणे) : कारे-कारे (दाण्याच्या दाट रश्श्यातलं मांस) शेंगदाण्याच्या आमटीसारखं लागलं, शिवाय तळाला करपलं. मुळात बैलाची शेपटी घालतात असं वाचलं. त्याऐवजी काय वापरावं?

उत्तर : बोकडाचे पाये आणि वजडी घ्या. शेपटीचं काम रश्श्याला चिकटपणा देण्याचं असतं आणि ते पाये चोख करतात. वजडी तर मूळ पाककृतीतही असते, फक्त तिकडे ती गुराची. भाजून-खरवडून साफ केलेले चार पाये आणि अर्धा किलो वजडी भरपूर पाण्यात एकदा उकळून ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात कुकरला लावा, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 40 मिनिटं. साधारण सहा कप पाणी उरायला हवं.

दाटपणा दोन गोष्टींनी येतो. एक कप भाजलेले, सोललेले दाणे बारीक वाटून. आणि पाव कप तांदूळ कोरडे, बिस्किटासारखे तांबूस भाजून पीठ करून. हे भाजलेलं तांदूळ नसलं की आमटी होते. खमंगपणा तांदळाचा आहे, दाण्यांचा त्याच्या मागून. तांदळाचं पीठ आधी गार पाण्यात कालवा, गरम रश्श्यात कोरडं टाकलंत तर गुठळ्या ठरलेल्या. रंगासाठी शेंदरीच्या बिया दोन चमचे घेऊन अर्धा कप गरम पाण्यात चोळा आणि ते केशरी पाणी गाळून घाला. बिया तेलात तळायच्या असतील तर आच अगदी मंद ठेवा, जळाल्या की कडू होतात.

करपण्याचं कारण दाणे लवकर घालणं हेच. मांस पूर्ण शिजल्यावर, शेवटच्या दहा-बारा मिनिटांत दाण्याचं वाटण घाला आणि पळी तळापासून फिरवत राहा.

केळफूल, वांगी, चवळीच्या शेंगा आणि पाकचोय वेगळी वाफवून वरून मांडा. केळफूल निवडण्याची कटकट तुम्हाला ठाऊकच आहे. दांडी आणि पापुद्रा काढून मिठाच्या पाण्यात टाका.

आणि मीठ? कारे-कारेत जवळजवळ नाही. गूळ, जिरं, मिरची तर नाहीच. हा पदार्थ मुद्दाम अळणी ठेवतात आणि ताटात बागोओंग, म्हणजे जवळ्याचं खारवलेलं आंबवण, शेजारी घेऊन घासागणिक लावून खातात. तुम्ही रश्श्यातच मीठ घातलं असेल तर बागोओंगबरोबर तो तोंडात घेववणार नाही.

प्रश्न (अलिबाग) : बागोओंग इथे मिळत नाही. सुका जवळा चालेल?

उत्तर : चालेल, पण तो आंबवलेला नाही हे लक्षात ठेवून. बागोओंग ओल्या जवळ्यात भरपूर मीठ घालून मुरवतात, आपला जवळा नुसता वाळवलेला. त्यामुळे वास जुळतो, मुरलेली चव जुळत नाही. ती थोडी पातिसने भरून काढता येते.

50 ग्रॅम जवळा निवडून कोरडा भाजा, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळा आणि एक चमचा मीठ घालून जाडसर वाटा. तीन मोठे चमचे तेलात सहा पाकळ्या लसूण, एक बारीक कांदा आणि एक टोमॅटो तेल सुटेपर्यंत परता. वाटण घालून मंद आचेवर दहा मिनिटं ढवळा. एक मोठा चमचा व्हिनेगर, एक चमचा साखर, एक चमचा पातिस. हे फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ऑनलाइन थाई श्रिम्प पेस्ट मिळते, ती जास्त उग्र आणि घट्ट असते. तिचं प्रमाण निम्मं करून पाण्यात सैल करा.

ओला जवळा घरी मुरवायचा विचार असेल तर मिठात काटकसर करू नका. तिकडचं रुळलेलं प्रमाण वजनाने तीन भाग जवळ्याला एक भाग मीठ असं आहे. ‘कमी खारट’ करायला गेलात तर मुरण्याऐवजी सडेल.

प्रश्न (सावंतवाडी) : लाइंग म्हणजे नारळाच्या रसातलं अळू, असं समजून ताज्या पानांचं केलं, वीस मिनिटं शिजवलं. घसा खाजला. चिंच घातली असती तर?

उत्तर : चिंच घातली असती तर खाज कमी झाली असती, पण ते लाइंग राहिलं नसतं. बिकोल भागातला हा पदार्थ वाळवलेल्या पानांचा आहे. अळूत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. पानं वाळवल्याने आणि मग दीर्घकाळ शिजवल्याने हा त्रास बराच उतरतो. ताज्या पानांना तुम्ही दिलेली वीस मिनिटं फारच थोडी.

पानांचे देठ आणि जाड शिरा काढा, पानं हाताने फाडा आणि सावलीत दोन-तीन दिवस, चुरचुर वाजेपर्यंत वाळवा. पावसाळ्यात ओव्हन 60 ते 70 अंशांवर ठेवून दार किंचित उघडं ठेवा. पान दमट राहिलं तर बुरशी धरते, अर्धवट वाळलेलं वापरण्यापेक्षा फेकलेलं बरं.

70 ग्रॅम वाळलेल्या पानांना दोन नारळ लागतात. पहिला घट्ट रस दीड कप वेगळा काढा. दुसरा पातळ रस तीन कप. पातळ रसात ठेचलेलं आलं, सहा पाकळ्या लसूण, एक कांदा, दोन मोठे चमचे बागोओंग आणि हवं तर 150 ग्रॅम पोर्कचे लहान तुकडे घालून उकळी आणा. पानं वर पसरा, पळीच्या पाठीने रसात दाबा, पण ढवळू नका. मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास तसंच राहू द्या. ‘लवकर ढवळलं की खाजतं’ असं बिकोलचे लोक सांगतात. त्यामागे दुसरं काही नसलं तरी एवढं खरं की आधी ढवळल्याने काही पानं वर येऊन कोरडी आणि कच्ची राहतात.

पानं विरघळू लागली की ढवळा, घट्ट रस आणि सात-आठ ठेचलेल्या तिखट मिरच्या घाला, आणि तेल सुटेपर्यंत आटवा. इथे आपला हात अडखळतो, कारण मालवणी कालवणात नारळाचा रस फुटू नये म्हणून आपण जपतो. लाइंगमध्ये तो फुटायलाच हवा. कडेने तेल दिसलं म्हणजे झालं. डब्यातल्या नारळाच्या दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात. त्याने कितीही आटवलं तरी तेल वेगळं होत नाही आणि पदार्थ खळीसारखा राहतो.

प्रश्न (दावाव, फिलिपिन्स) : मी वैद्यकीय शिक्षण घेतो आणि शाकाहारी आहे. इथल्या बाजारात जे मिळतं त्यातून इथल्याच पद्धतीचं काय करता येईल?

उत्तर : सर्वांत आधी गिनिसांग मोंगो. अख्खे हिरवे मूग, आणि त्यात ‘मालुंगगाय’ म्हणजे आपला शेवग्याचा पाला. एक कप मूग चार-पाच कप पाण्यात फुटेपर्यंत, 40 मिनिटं उकळा. वेगळ्या कढईत सहा पाकळ्या लसूण चांगला तांबूस होऊ द्या, मग कांदा, मग दोन टोमॅटो, आणि ते पुरते गळल्यावर मूग ओता. दहा मिनिटं रटरटलं की दोन मुठी पाला घालून लगेच उतरवा. पाला जास्त शिजला तर कडसर होतो. तिथे यात पातिस, सुकी मासळी किंवा पोर्क घालतात. तुम्ही मीठ आणि दोन चमचे सोया सॉस घाला. कारल्याचा पाला घालूनही करतात, कडू आवडत असेल तर पाहा.

दुसरं, नारळाच्या रसातला लाल भोपळा आणि चवळीच्या शेंगा. तिसरं, कांगकोंगचा किंवा शेंगांचा अडोबो. रत्नागिरीच्या उत्तरातलं व्हिनेगर आणि सोयाचं प्रमाण निम्मं करा, पाणी अर्धा कप ठेवा, आठ मिनिटांत होतो.

बाहेर खाताना एक लक्षात असू द्या. ‘भाजी’ म्हणून दिसणाऱ्या पदार्थात पातिस, बागोओंग किंवा पोर्कचे बारीक तुकडे असतातच असतात, आणि ते घातले म्हणून कोणी त्याला मांसाहारी म्हणत नाही. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा, पातिस आणि बागोओंग ही तिन्ही नावं घेऊन विचारा.

प्रश्न (नागपूर) : लेचे फ्लानला (तिकडच्या कॅरॅमल कस्टर्डला) जाळी पडते आणि अंड्याचा वास येतो. एव्हापोरेटेड मिल्कही मिळत नाही.

उत्तर : जाळी म्हणजे आच जास्त. अंडं उकळीला आलं की त्यात बुडबुडे अडकतात आणि पाणी सुटतं. वाफवायच्या भांड्यात पाणी खदखदू नये, फक्त थरथरावं. मोदकपात्र असेल तर तेच घ्या, झाकणाला फडकं बांधा आणि साच्यावर फॉइल घट्ट बसवा. वाफेचे थेंब वर पडले की खड्डे पडतात.

दहा अंड्यांचे फक्त पिवळे, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (सुमारे 400 ग्रॅम) आणि 370 मिली आटवलेलं दूध. त्यासाठी पाऊण लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर निम्मं करा, साय गाळा, पूर्ण गार करा. सगळं चमच्याने हलक्या हाताने मिसळा, फेटू नका, मिक्सर तर नकोच. दोनदा गाळा. वास मुख्यतः पांढऱ्याच्या राहिलेल्या दोऱ्यांचा असतो, तो गाळण्यात निघतो. उरलासुरला कागदी लिंबाच्या हिरव्या सालीच्या किसाने जातो. पांढरा भाग किसात आला तर कडू लागेल.

150 ग्रॅम साखर तीन मोठे चमचे पाण्यात मधाच्या रंगावर आणून साच्यात ओता. तिथे ‘यानेरा’ नावाचे लांबट पत्र्याचे साचे असतात, केकचं टिनही चालतं. चार सेंटिमीटर थराला 35 ते 40 मिनिटं लागतात. मधला भाग किंचित हलत असतानाच काढा आणि फ्रिजमध्ये सहा तास ठेवून मगच उलटा.

प्रश्न (वसई) : तुरोनसाठी (केळ्याच्या तळलेल्या गोड रोलसाठी) आपली कुठली केळी चालतील? वेलची केळी घेतली तर आत पाणी झालं.

उत्तर : वसईत बसून वेलची केळी का घेतलीत? सुकेळी होतात ती राजेळी घ्या. तिकडची साबा केळी स्वयंपाकाचीच असतात, घट्ट आणि पिठूळ, आणि राजेळी त्या जातकुळीच्या जवळ जातात. सालीवर काळे ठिपके आलेली पण बोटाने न दबणारी निवडा. उभी चिरा, ब्राऊन शुगरमध्ये घोळवा, शेजारी फणसाच्या गऱ्याची एक पट्टी ठेवा. फणस कापाच हवा, बरक्याचं पाणी सुटतं. स्प्रिंग रोलच्या चौकोनी शीटमध्ये घट्ट गुंडाळून कड पाण्याने चिकटवा. समोशाची पट्टी जाड आणि अरुंद असते, तिची टोकं उघडतात.

मध्यम तापलेल्या तेलात सोडा. रोल तरंगू लागले की तेलातच पाव कप साखर भुरभुरवा. ती वितळून रोलला चिकटते आणि वर काचेसारखा थर बसतो. तेल फार तापलं असेल तर साखर आधी काळी पडते आणि कडू होते. काढून जाळीवर ठेवा. कागदावर ठेवलेत तर कागदासकट खावे लागतील.

प्रश्न (मुंबई) : सुरमईचं किनिलाव कच्चंच खायचं का? व्हिनेगरने मासा शिजतो ना?

उत्तर : पांढरा होतो, शिजत नाही. आंबटाने परजीवी मरत नाहीत. मासा आधी उणे 20 अंशांवर पूर्ण सात दिवस गोठलेला असावा, आणि घरचे सगळेच फ्रीझर तेवढे थंड नसतात. दुसरं, सुरमई, बांगडा, ट्यूना हे मासे बर्फाविना पडून राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं आणि ते गोठवूनही जात नाही, शिजवूनही जात नाही. म्हणून कोळणीकडून पहाटेची, बर्फात ठेवलेली सुरमई मिळणार नसेल तर हा बेत सोडा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि आजारी माणसांनी खाऊ नये.

करायचंच असेल तर दीड सेंटिमीटरचे तुकडे थोड्या व्हिनेगरमध्ये दोन मिनिटं फिरवून ते गढूळ व्हिनेगर टाकून द्या. मग ताजं सुरेचं व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची, मीठ घालून दहा-पंधरा मिनिटांत वाढा. तासभर ठेवलंत तर मासा रबरासारखा होतो.

प्रश्न (मडगाव) : नाताळात फिलिपिनो बिबिंगका करायचा आहे. आमच्या बिबिंकासारखाच थर देऊन करतात का?

उत्तर : नाही, थर नसतात. तो तांदळाचा केक आहे, तिथे 16 ते 24 डिसेंबरच्या पहाटेच्या मिसांनंतर चर्चबाहेर गरमागरम विकतात. साम्य आहे ते वरून आणि खालून निखारे देण्यात.

250 ग्रॅम तांदूळ रात्रभर भिजवून एक कप पाण्याबरोबर गंधासारखे वाटा. याला ‘गालापोंग’ म्हणतात. भाकरीचं कोरडं पीठ वापरलं तर केक रवाळ आणि कोरडा होतो. तीन अंडी, पाऊण कप साखर, एक कप नारळाचा रस, चार मोठे चमचे वितळलेलं लोणी, चिमूटभर मीठ घालून ढवळा. एक मोठा चमचा बेकिंग पावडर अगदी शेवटी. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करा, नाहीतर साच्यात बसताना फाटतं. 190 अंशांवर 15 मिनिटांनी वर खारवलेल्या अंड्याच्या चकत्या आणि चीज ठेवा, आणखी आठ-दहा मिनिटं भाजा, शेवटी वरची आच वाढवून डाग पडू द्या. आधीच चकत्या ठेवल्या तर त्या बुडतात. वाढताना लोणी आणि ओलं खोबरं.

खारवलेली अंडी घरी होतात. एक लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ उकळून गार करा, बदकाची अंडी त्यात पूर्ण बुडवून तीन आठवडे ठेवा. एक उकडून पाहा. पिवळं घट्ट आणि तेलकट झालं असेल तर सगळी उकडून घ्या. तिथे यांची टरफलं गडद गुलाबी रंगवतात, ताज्या अंड्यांत सरमिसळ होऊ नये म्हणून.

प्रश्न (शारजा) : भात कोणता घ्यावा, आणि कालामान्सी (तिकडचं लहान आंबट लिंबू) नसेल तर?

उत्तर : बासमती नको. सुटा दाणा रस्सा धरत नाही. इंद्रायणी किंवा तत्सम किंचित चिकट तांदूळ घ्या. लसूणभातासाठी, म्हणजे सिनांगागसाठी, रात्रीचा भात शिजल्यावर तासाभरात फ्रिजमध्ये गेलेला असावा. सकाळी आठ पाकळ्या लसूण गार तेलात टाकून मंद आचेवर सोनेरी करा, निम्मा काढून ठेवा, भात हाताने मोकळा करून मोठ्या आचेवर परता आणि काढलेला लसूण वरून घाला.

कालामान्सीला तीन भाग कागदी लिंबाचा रस आणि एक भाग संत्र्याचा. शारजात फिलिपिनो किराणा दुकानं आहेत, तिथे ती गोठवलेली मिळते का ते आधी पाहा.